इंग्रजीनंतर जर्मन शिकताना आधार कोणत्या भाषेचा घ्यावा: इंग्रजीचा की मराठीचा?

चाकणवासी:

नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले, अभियांत्रिकीला सगळे विषय त्याच भाषेतून शिकावे लागले आणि पुढे नोकरीत ते इतके अंगवळणी पडले की आता त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. आमच्या कंपनीचे मुख्यालय जर्मनीत असल्यामुळे गेल्या वर्षीपासून मी जर्मन शिकत आहे. ए१ या सर्वांत प्राथमिक पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालो असून सध्या शनिवार-रविवारच्या वर्गात त्यापुढच्या ए२ पातळीचा अभ्यास चालू आहे.

माझी अडचण अशी आहे की जर्मन बोलताना शब्द अडला, तर त्या जागी मराठी शब्द कधीच येत नाही, इंग्रजी शब्द येतो. 'इश विल' म्हणजे 'मला हवे आहे' हे पाठ असूनही वाचताना मनात इंग्रजी भविष्यकाळ उभा राहतो. पाठ्यपुस्तक संपूर्ण जर्मनमध्ये आहे, वर्गातील स्पष्टीकरण इंग्रजीत होते, आणि माझ्या वहीतील अर्थही आपोआप इंग्रजीतच लिहिले जातात. आमच्या शिक्षकांचा आग्रह असतो की जर्मनमध्येच विचार करा. काही सहाध्यायी म्हणतात की आधी इंग्रजी व्याकरण पक्के केल्याशिवाय जर्मन जमणार नाही.

ज्यांनी इंग्रजीनंतर आणखी एक परकीय भाषा मन लावून शिकली आहे, त्यांना माझे विचारणे आहे की अशा वेळी मराठीचा काही उपयोग करून घेता येतो का, की ती पूर्णपणे बाजूला ठेवणेच श्रेयस्कर आहे? दुसरे असे, की इंग्रजी मला पंधरा-वीस वर्षांच्या सहवासाने आले, ठरवून असे मी त्यासाठी फारसे काही केले नाही. जर्मनसाठी तेवढी वर्षे नाहीत. मग अभ्यासाची पद्धत कशी असावी?

जर्मनशिक्षिका_पुणे:

तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि ते तुमच्यापुरते मर्यादित नाही. दुसरी परकीय भाषा शिकताना मध्ये येते ती बहुतेक वेळा मातृभाषा नव्हे, तर आधी शिकलेली परकीय भाषा. सारा विल्यम्स आणि ब्यॉर्न हामरबर्ग या अभ्यासकांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी उद्धृत केला जातो. त्यात विल्यम्स या स्वतःच अभ्यासाचा विषय होत्या. त्यांची मातृभाषा इंग्रजी, त्या आधी जर्मन उत्तम शिकलेल्या, आणि स्वीडनमध्ये राहून स्वीडिश शिकत होत्या. संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासल्यावर असे दिसले की एखादी गोष्ट विचारायची किंवा स्वतःच्या बोलण्यावर काही टिप्पणी करायची असली की त्या इंग्रजीचा आधार घेत. पण स्वीडिश शब्द घडवताना नकळत जो कच्चा माल येई, तो मुख्यतः जर्मनचा असे. म्हणजे 'परकीय बोलण्याची' जी एक सवय मनात तयार झालेली असते, तीच पुढच्या परकीय भाषेच्या वेळी जागी होते. तुमच्या बाबतीत ती सवय इंग्रजीची आहे. तेव्हा त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही, मात्र तिला मोकळे रान देणेही योग्य नाही.

माझे मत स्पष्टपणे सांगते. मराठी माणसाने जर्मनची वाक्यरचना इंग्रजीतून समजून घेणे म्हणजे विनाकारण लांबचा रस्ता धरणे आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही तीन आहेत. विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलते ही कल्पना इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना मुळापासून शिकवावी लागते, आपण मात्र चांगला, चांगली, चांगले म्हणतच मोठे झालेलो असतो. संबंधी सर्वनामांचेही तसेच आहे. इंग्रजीत माणसांसाठी एकच 'हू' चालते. जर्मनमध्ये पुरुषासाठी 'डेर', स्त्रीसाठी 'डी' आणि नपुंसकलिंगी नामासाठी 'डास' असे कर्त्याच्या रूपात वेगवेगळे येते. 'जो मुलगा, जी बाई, जे मूल' ही त्रयी समोर ठेवली की हा पाठ माझ्या वर्गात एका बैठकीत होतो. इंग्रजीतून समजावला तर त्याच पाठाला कितीतरी अधिक वेळ लागतो आणि तरीही तो कच्चा राहतो.

आता क्रियापदाचे स्थान पाहा. गौण वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जाते: 'वाइल इश हॉयटे क्रांक बिन', म्हणजे 'कारण मी आज आजारी आहे'. शब्दाला शब्द जुळतो. पूर्ण भूतकाळात 'इश हाबे डास बूख गेलेझेन' म्हणताना 'पुस्तक वाचले' हाच क्रम राहतो, फक्त सहायक क्रियापद पुढे येऊन बसते. 'मला थंडी वाजते' याला 'मीर इस्ट काल्ट' आणि 'मला ते आवडते' याला 'मीर गेफेल्ट डास'. अनुभवणारी व्यक्ती दोन्ही भाषांत कर्ता नसून चतुर्थीत असते, इंग्रजीत मात्र ती कर्ता होते. संख्यावाचनही तपासून पाहा. 'फ्युन्फउंडत्स्वानत्सिश' म्हणजे पाच आणि वीस; मराठीतही आधी पाच, मग वीस, म्हणूनच पंचवीस. इंग्रजीतून विचार करणारे विद्यार्थी दूरध्वनी क्रमांक उतरवून घेताना हटकून पंचवीसच्या जागी बावन्न लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली होती. त्या चर्चेत कोणाचे बरोबर हा इथला विषय नाही, पण जर्मन शिकणाऱ्याला मात्र जुने वाचन निश्चितपणे उपयोगी पडते.

एक ठिकाण असे आहे जिथे मराठी फसवते, आणि ते आधीच ठाऊक असलेले बरे. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींचा प्रत्यय 'ला' आहे. 'मी त्याला पाहिले' आणि 'मी त्याला पुस्तक दिले' यांत 'त्याला' सारखाच. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी 'ईन' येते, दुसऱ्या ठिकाणी 'ईम'. आपले विद्यार्थी इथे वर्षानुवर्षे अडखळतात, कारण फरक आहे हेच कानाला जाणवत नाही. शाळेत संस्कृत घेतले असेल तर 'तम्' आणि 'तस्मै' आठवा; तोच हा फरक आहे. संस्कृत नसेल, तर प्रत्येक क्रियापद एका छोट्या वाक्यासह पाठ करा, नुसते क्रियापद पाठ करू नका. 'शाळेत जातो' आणि 'शाळेत आहे' या दोन वाक्यांतही हीच गोष्ट आहे: मराठीत दोन्हीकडे 'शाळेत', जर्मनमध्ये मात्र गती असेल तर द्वितीया आणि स्थिती असेल तर चतुर्थी.

म्हणून वहीबद्दल माझा सल्ला असा, की व्याकरणाच्या टिपा मराठीत लिहाव्यात आणि नमुना वाक्यांचा अर्थही मराठीतच लिहावा. आधी इंग्रजी व्याकरण पक्के करण्याची काहीही गरज नाही. कर्ता, कर्म, विभक्ती, विशेषण या कल्पना तुम्हाला शाळेतल्या मराठी व्याकरणाने दिल्या आहेत आणि जर्मनसाठी त्याच अधिक जवळच्या आहेत. राहिला 'जर्मनमध्ये विचार करा' हा उपदेश. तो हेतूने चांगला असला तरी ए२ पातळीवर विचार करण्याइतकी भाषा अजून हाती आलेली नसते. जेवढी वाक्ये पक्की आहेत तेवढ्यांपुरते आधी उत्तर द्यायला शिका. त्या वाक्यांचा साठा वाढत जाईल तसा विचारही त्यांच्या मागोमाग येतो.

शब्दवेध:

शिक्षिकाताईंचे वाक्यरचनेबद्दलचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, विशेषतः 'ईन' आणि 'ईम'बद्दलचे. तरीही त्यांच्या प्रतिसादावरून इंग्रजी ही केवळ अडचण आहे असा समज होऊ नये, म्हणून लिहीत आहे. शब्दसंग्रहाच्या बाबतीत इंग्रजी जाणणारा विद्यार्थी जर्मनच्या दारात अर्धा आत असतो, कारण या दोन्ही भाषा एकाच जर्मानिक कुळातल्या आहेत, आणि त्यांच्यातील फरक बराचसा नियमबद्ध आहे.

मध्ययुगाच्या आरंभी जर्मनच्या दक्षिणेकडील बोलींमध्ये व्यंजनांचे एक मोठे स्थित्यंतर झाले, ज्याचा परिणाम आजच्या प्रमाण जर्मनवर आहे. इंग्रजी त्या स्थित्यंतराबाहेर राहिली. त्यामुळे इंग्रजीत जिथे 'ट' आहे तिथे जर्मनमध्ये बहुधा 'त्स' किंवा 'स' सापडतो: टेनचे त्सेन, वॉटरचे वासर. 'प'च्या जागी 'पफ' किंवा 'फ' येतो: ॲपलचे आपफेल, शिपचे शिफ. 'क'चा 'ख' होतो: मेकचे माखेन, बुकचे बूख. 'ड'चा 'ट' होतो: डेचे टाग, डोअरचे ट्यूर. इंग्रजी 'थ'च्या जागी 'ड' सापडतो, जसे थिंगचे डिंग किंवा थ्रीचे द्राय, मात्र हा बदल त्या स्थित्यंतरापेक्षा वेगळा आणि नंतरचा आहे. हे नियम पाठ करण्याऐवजी नवा शब्द भेटला की त्याचा इंग्रजी भाऊबंद शोधण्याची सवय लावा. थोड्याच महिन्यांत अनोळखी मजकुरातील बऱ्याच शब्दांचा अंदाज येऊ लागतो, आणि हा लाभ मराठीतून मिळणारा नाही.

पण याच रस्त्यावर खड्डेही आहेत. 'बेकोमेन' हे दिसते 'बिकम'सारखे, अर्थ मात्र 'मिळणे'. 'गिफ्ट' म्हणजे विष. 'बाल्ट' म्हणजे लवकरच. 'आल्झो' म्हणजे 'तेव्हा, म्हणून', इंग्रजी 'ऑल्सो' नव्हे. 'वेअर'सारखे ऐकू येणारे 'वेर' म्हणजे कोण, आणि 'हू'शी गल्लत होणारे 'वो' म्हणजे कुठे. तुम्ही उल्लेख केलेले 'विल'ही याच जातीचे. अशा शब्दांसाठी वहीत शेवटची काही पाने राखून ठेवावीत आणि तिथे, शिक्षिकाताई म्हणतात त्याप्रमाणे, अर्थ मराठीतच लिहावा. इंग्रजी अर्थ लिहिला तर आधीच जुळलेली चुकीची गाठ आणखी घट्ट होते. 'इश विल' यासमोर 'मला ... करायचे आहे' असे लिहा आणि त्यापुढे एक पूर्ण वाक्य. 'इश विल हॉयटे इन्स कीनो गेहेन', 'मला आज सिनेमाला जायचे आहे'. जर्मन वाक्यात 'गेहेन' शेवटी गेलेले पाहून मराठी मनाला ते ओळखीचे वाटेल आणि इंग्रजी भविष्यकाळाला तिथे शिरायला जागा उरणार नाही.

उच्चारांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. 'त्सेन', 'त्साइट' यांतील आरंभीचा ध्वनी म्हणजे मराठी 'चाक', 'चमचा' यांतील दंततालव्य च. तो आपल्याला आयता मिळालेला आहे. ओठ गोल करून उच्चारायचे दोन स्वर आपल्याकडे नाहीत. त्यांपैकी एकासाठी जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ 'ऊ'सारखे करावे लागतात, दुसऱ्यासाठी 'ए' आणि 'ओ' यांची तशीच जोडी जमवावी लागते. शिवाय मराठीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह असला तरी बोलताना आपण तो भेद सैल सोडतो. जर्मनमध्ये तसे चालत नाही: 'श्टाट' म्हणजे शहर आणि 'श्टाऽट' म्हणजे राष्ट्र.

पूर्वेचा_प्रवासी:

मी जर्मन नव्हे, जपानी शिकलो, पण मूळ प्रश्न सर्वच भाषांना लागू आहे म्हणून लिहितो. जपानीच्या बाबतीत इंग्रजीचा आधार जवळजवळ शून्य आहे; उसन्या आलेल्या शब्दांखेरीज तिचा उपयोग नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषाप्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषकांसाठी जपानीला सर्वांत अवघड गटात टाकते आणि तिच्यासाठी ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तासिका धरते. हा आकडा इंटरनेटवर सर्वत्र दिसतो आणि आपली मुले तो वाचून घाबरतात. परंतु तो इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहे हे विसरता कामा नये. कांजी, म्हणजे जपानी लिपीतील चिनी मूळ असलेल्या चिन्हांचे कष्ट आपल्यालाही तेवढेच आहेत, कारण सर्वसाधारण वापरासाठीच्या अधिकृत यादीतच २,१३६ चिन्हे आहेत. वाक्यरचनेचे कष्ट मात्र आपल्याला तसे नाहीत.

कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम सारखाच आहे. 'तोक्यो नि' म्हणजे 'टोकियोला', प्रत्यय नामाच्या मागे. 'किनो कात्ता होन' म्हणजे 'काल घेतलेले पुस्तक', इथेही विशेषणासारखे वापरलेले वाक्य नामाच्या आधी. मला सर्वांत आनंद झाला तो संयुक्त क्रियापदे शिकताना. 'ताबेते मिरु' याचा अर्थ 'खाऊन बघणे', आणि त्यातील 'मिरु' हे खरोखरच 'बघणे' या अर्थाचे क्रियापद आहे. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे 'खाऊन टाकले'. 'कात्ते आगेरु' म्हणजे 'विकत घेऊन देणे', आणि 'आगेरु' म्हणजे देणे. ही तिन्ही रूपे इंग्रजी पुस्तकात तीन वेगवेगळ्या प्रकरणांत लांबलचक स्पष्टीकरणांसह दिलेली असतात, मराठीत ती 'ऊन' या एका प्रत्ययावर उभी आहेत. ध्वन्यनुकारी शब्दांचेही तेच: काळीज धडधडते ते जपानीत 'दोकिदोकि', आणि चकाकणाऱ्या वस्तूसाठी 'किराकिरा'. हिरागाना या जपानी अक्षरमालेचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने जातो, कारण तो संस्कृत वर्णमालेचा परिचय असलेल्या बौद्ध विद्वानांच्या परंपरेतून आला आहे.

एक गोष्ट इशारा म्हणून सांगतो. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा पुण्यात अत्यंत लोकप्रिय आहे, पण तिच्यात बोलण्याची आणि लेखनाची चाचणी नाही, सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. त्यामुळे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र हातात असूनही संभाषण न जमणारे विद्यार्थी भेटतात. आपली परीक्षा काय मोजते आणि काय मोजत नाही हे जाणून त्या न मोजलेल्या भागाला मुद्दाम वेळ देणे आवश्यक आहे. जर्मनच्या परीक्षेत बोलणे असते, ही तुमची जमेची बाजू समजा.

चाकणवासी:

सर्वांचे मनापासून आभार. काल 'ईन' आणि 'ईम' यांची वाक्ये मराठी अर्थासह लिहून काढली आणि हा भेद आजवर का बसत नव्हता ते ध्यानात आले. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. लिंगे तीन असली तरी ती मराठीशी जुळत नाहीत. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी आणि जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि तिकडे पुल्लिंगी. मग ही लक्षात कशी ठेवायची? आणि बोलण्याचा सराव कोणाबरोबर करायचा? कार्यालयात जर्मन सहकारी आहेत, पण मी एक वाक्य जर्मनमध्ये बोललो की ते सौजन्याने लगेच इंग्रजीत बोलू लागतात.

नेकारकाठचा:

मी स्टुटगार्टजवळ राहतो आणि तुमचा दुसरा प्रश्न इथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाचा आहे. जर्मन लोक इंग्रजीकडे वळतात ते तुमची सोय व्हावी म्हणून, तुमचे जर्मन ऐकवत नाही म्हणून नव्हे. त्यामुळे एकदा स्पष्टपणे विनंती करावी: 'क्योनेन वीर बिटे डॉइच श्प्रेखेन?', म्हणजे 'आपण कृपया जर्मनमध्ये बोलू शकतो का?', आणि सोबत हेही सांगावे की कामाचा निर्णय असेल तिथे इंग्रजी चालेल, चहाच्या वेळेत मात्र जर्मनच. अशी मर्यादा घातली की समोरच्यालाही ते सोपे जाते. संपूर्ण दिवस जर्मनमध्ये काढण्याचा संकल्प केला तर तो दोन्ही बाजूंना जड होतो आणि आठवडाभरात मोडतो. संबोधनाच्या बाबतीत 'डू' आणि 'झी' यांचा भेद तू आणि तुम्ही यांच्यासारखाच आहे, त्यामुळे कोणाला काय म्हणावे याचा अंदाज मराठी माणसाला लवकर येतो. फक्त हे लक्षात ठेवा की बऱ्याच कंपन्यांत सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात आणि सरकारी कार्यालयात 'झी'च म्हणावे लागते.

ऐकण्याचा सराव बोलण्याच्या आधी वाढवावा असे मी आग्रहाने सांगेन. डॉइचे वेले ही जर्मनीची आंतरराष्ट्रीय प्रसारणसंस्था संथ गतीने वाचलेल्या बातम्या लिखित मजकुरासह विनामूल्य देते. एक बातमी निवडावी, आधी मजकूर न पाहता ऐकावी, मग मजकूर पाहून, आणि त्यानंतर निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हणावी. ए२ पातळीला ती जड वाटली तर त्याच संस्थेचा 'नीकोस वेक' हा ए१ ते बी१ (ए२च्या पुढची) पातळीचा चित्रफितींचा अभ्यासक्रम घ्यावा. चाकण-पुणे प्रवासात हा अभ्यास सहज होऊ शकतो, कारण त्याला शिक्षक, वर्ग किंवा सोबती काहीच लागत नाही.

अलीकडे हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आम्ही राहतो त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुण-तरुणी या निमित्ताने जर्मनकडे वळत आहेत, आणि त्यांतील अनेकांचे इंग्रजी तुमच्याइतके सरावाचे नसेल. त्यांना शिकवणाऱ्यांनी शिक्षिकाताईंचा वरचा प्रतिसाद अवश्य वाचावा, कारण इंग्रजीचा पूल ओलांडूनच जर्मनला जाता येते ही समजूत या मुलांना सर्वांत आधी परावृत्त करते. एक सूचना त्यांच्यासाठीही करून ठेवतो: या भागात श्वेबिश बोली बोलली जाते. 'इस्ट' ऐवजी 'इश' ऐकू येते, आणि लघुत्वदर्शक 'ले' प्रत्यय शब्दाशब्दाला लागतो. वर्गातले जर्मन येत असूनही पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. मराठवाड्यातून किंवा कोकणातून पुण्यात आलेल्याला प्रमाण भाषा आणि घरची बोली यांतील अंतर अनुभवाने माहीत असते. त्याच धीराने याकडे पाहावे. गावात आल्यावर फोक्सहोखशूले या सार्वजनिक प्रौढशिक्षण केंद्राच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालावे. तिथे वेगवेगळ्या देशांतून आलेले लोक असतात आणि बऱ्याचदा त्यांच्यातील एकमेव समान भाषा जर्मनच असते, त्यामुळे इंग्रजीकडे वळण्याचा मार्गच उरत नाही.

जर्मनशिक्षिका_पुणे:

शब्दवेध यांनी शब्दसंग्रहाबद्दल लिहिले ते योग्यच आहे. माझ्या प्रतिसादात ती बाजू आली नव्हती.

आता लिंगाबद्दल. मराठीतून मिळते ती लिंगाची जाणीव; प्रत्येक नामाचे लिंग मात्र जर्मनकडूनच घ्यावे लागते. तरी सगळेच पाठांतर नाही. शब्दाच्या शेवटी 'उंग', 'हाइट', 'काइट' किंवा 'शाफ्ट' हे प्रत्यय असतील तर नाम स्त्रीलिंगी. लघुत्व दाखवणारे 'शेन' असेल तर नपुंसकलिंगी. म्हणूनच 'मेडशेन', म्हणजे मुलगी, जर्मन व्याकरणात नपुंसकलिंगी आहे. क्रिया करणाऱ्या व्यक्तीचे नाम 'एर'ने संपत असेल तर पुल्लिंगी. अशा मोजक्या नियमांनी बरीच नामे हाताशी येतात. उरलेली नामे कधीही एकटी लिहू नयेत. 'टिश' असे न लिहिता 'डेर टिश' लिहावे, त्यापुढे अनेकवचन लिहावे आणि त्यापुढे एक वाक्य, ज्यात लिंग उघड दिसेल असे विशेषण असेल. मराठीत 'टेबल' हे नाम 'ते टेबल, मोठे टेबल' अशा सोबतीनेच आपल्या कानावर पडले होते, म्हणून त्याचे लिंग कधी पाठ करावे लागले नाही.

पाठांतराची पद्धतही महत्त्वाची आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ही गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे की एकाच दिवशी वीस वेळा घोकण्यापेक्षा वाढत्या अंतराने थोड्या वेळा आठवणे कितीतरी परिणामकारक ठरते. अँकीसारखी शब्दपत्त्यांची ॲप याच तत्त्वावर चालतात. मात्र दुसऱ्या कोणी बनवलेला तयार संच घेऊ नका. त्यात अर्थ इंग्रजीत असतील आणि तुमचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहील. स्वतःच्या वाक्यांचा, मराठी अर्थ असलेला संच तयार करण्यात जो वेळ जातो, तोच खरा अभ्यासाचा वेळ आहे. आठवताना मराठीकडून जर्मनकडे जा, कारण बोलताना तुम्हाला त्याच दिशेने जायचे आहे. उलट दिशेचा सराव वाचनातून आपोआप होतो.

वेळेचा हिशेबही करून ठेवा, म्हणजे अकारण निराशा येणार नाही. ग्योटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचे मॅक्सम्युलर भवन, सुरुवातीपासून बी१पर्यंत पोहोचण्यासाठी प्रत्येकी ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका धरते. आठवड्याला सहा तासिकांचा वर्ग असेल तर कमीत कमी आकड्यालाही ५८ आठवडे लागतात आणि जास्तीत जास्त आकडा धरला तर दोन वर्षांहून अधिक. वर्गाबाहेर रोज अर्धा तास दिला तर तुम्ही या दोन टोकांपैकी अलीकडच्या टोकाजवळ राहाल. इंग्रजीला वर्षे लागली ती त्याभोवती ठरवून केलेला अभ्यास फारसा नव्हता म्हणून. त्या वर्षांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

बी१ची परीक्षा देताना वाचन, ऐकणे, लेखन आणि बोलणे हे चारही भाग स्वतंत्रपणे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. तुमचे वाचन आणि लेखन बहुधा आधी तयार होईल, कारण तुम्हाला कामाच्या कागदपत्रांची सवय आहे. ते दोन भाग आधी द्या, आणि ऐकणे व बोलणे यांसाठी नेकारकाठचा यांनी सांगितलेला बातम्यांचा सराव निदान तीन महिने करून मग त्या भागांसाठी नाव नोंदवा.